पाचव्यांदा काढलं तेव्हा

बावीस वर्षांत मी सात-आठ माणसं कामावरून काढली. बहुतेकांना हातातला चहा संपायच्या आत काढलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. एकाला मात्र पाच वेळा काढावं लागलं. त्यातली पाचवी वेळ मी आजवर कोणाला नीट सांगितलेली नाही. बायकोलाही अर्धीच सांगितली.

रायपूरला तात्यापाऱ्यात माझी लग्नपत्रिकांची प्रेस आहे. वडील रेल्वेत खलाशी होते, त्यांना मी नोकरीला लागावं असं वाटायचं. मी सायकलला नमुन्यांची पिशवी अडकवून रायपूरच्या मराठी घरांतून पत्रिकांच्या ऑर्डरी गोळा करत फिरलो, त्या दुसऱ्यांकडून छापून घेतल्या, आणि सहा वर्षांनी स्वतःची जुनी मशीन घेतली. ती घेताना विकणाऱ्याला तीन वेळा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊ देऊन परत बोलावलं होतं. पहिला सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी दिला नाही. डोकं तापट आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण तापलेलं डोकंसुद्धा मी धंद्यात वापरून घेतलं, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

तो माझा कंपोजचा माणूस. म्हणजे ग्राहक हाताने लिहून आणतात तो मजकूर कॉम्प्युटरवर बसवणारा. अकरा वर्षं माझ्याकडे होता. मूळ धमतरीकडचा, छत्तीसगढी. मराठी थोडी समजायची, बोलता येत नव्हती. हात असा की मी दुसरा पाहिला नाही. आपल्या मराठी घरांत पत्रिकेवर काका, मामा, आत्या, त्यांचे जावई, सगळ्यांची नावं लागतात, एक सुटलं तर लग्नात रुसवा. दुसऱ्या प्रेसवाले अशी चाळीस नावं कोंबायचे आणि नवरा एका ओळीत, बायको दुसऱ्या ओळीत तुटून पडायची. याच्या हातून एक जोडपं कधी तुटलं नाही.

आणि त्या हाताच्या जोरावर त्याने मला अकरा वर्षं छळलं. दहाला उघडणाऱ्या प्रेसमध्ये हा साडेअकराला यायचा. काही सांगितलं की "हव भैया" म्हणायचा. ते 'हव' म्हणजे होकार नव्हता. तुमचं बोलणं कानावर पडलं, एवढाच त्याचा अर्थ. ऐन लग्नसराईत गावी कोणाच्या तरी घरी बाळाची सहाव्या दिवसाची छट्ठी निघायची आणि तीन दिवस गायब. त्याच्या गावात वर्षाला एवढी पोरं कशी जन्मतात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "भैया, बड़ा गाँव है."

सर्वात वाईट म्हणजे फाइलींची नावं. ग्राहकाच्या नावाने फाइल ठेवायची, हे त्याला कधी जमलंच नाही. कोणी पेढे घेऊन आला तर फाइल 'पेड़ा वाले'. समता कॉलनीतल्या एका डॉक्टरीणबाईंची फाइल 'चिड़चिड़ी दीदी' नावाने होती आणि ती त्याने त्यांच्यासमोरच उघडली. हा नसला की जुनी पत्रिका कोणालाही सापडत नसे. याला पर्याय म्हणून मी दोनदा नवीन माणसं ठेवली, दोन्ही वेळा त्याने त्यांना शिकवलं नाही. ती मागे येऊन उभी राहिली की हा स्क्रीन बंद करून बसायचा. दोघंही महिन्याभरात पळाली. बायको तीन वर्षांपासून म्हणत होती की याला काढा. मी दर वर्षी म्हणायचो, सीझन जाऊ द्या.

आता पहिल्या चार वेळा त्याला काढलं, त्या नाटकाबद्दल सांगायला हवं. आमच्या बाजारात ही जुनी रीत आहे. ग्राहक भडकून आला की मालकाने त्याच्यापेक्षा जास्त भडकायचं. ज्याची चूक त्याला, आणि कोणाचीच नसली तर जो समोर असेल त्याला, ग्राहकादेखत कामावरून काढायचं. नोकराने मान खाली घालून मागच्या दाराने निघून जायचं, कोपऱ्यावर मालकाच्या नावावर चहा प्यायचा आणि ग्राहक गेला की परत यायचं. ग्राहकाचं डोकं शांत होतं, कित्येकदा तोच म्हणतो, जाऊ द्या हो, गरीब माणूस आहे.

या नाटकात तो पटाईत होता. मान कधी घालायची, डबा कधी उचलायचा, सगळं त्याला कळायचं. डबा उचलला की बायका हमखास विरघळायच्या. मी त्याला असं चार वेळा काढलं. एकदा चहा पिऊन आल्यावर मलाच म्हणाला, "आज आप थोड़ा जल्दी चिल्ला दिए भैया. मैडम अभी ठीक से गरम भी नहीं हुई थीं."

हसलो होतो मी तेव्हा.

पाचव्या वेळी सकाळी दहा-सव्वादहाला नवरदेवाचे वडील आले. सरकारी ऑफिसात आहेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. बरोबर त्यांचे वडील, म्हणजे नवरदेवाचे आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले, काठी टेकत. नवरदेवाच्या वडिलांनी पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचायला लागलो. 'कै. सौ.' अमुक 'व कै.' तमुक 'यांचे नातू', इथपर्यंत आलो आणि माझी जीभ थांबली. 'कै.' तमुक समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होते.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. तिला हळदकुंकू लावायला आजोबांनीच हातात घेतली होती. बोटाला कुंकू लागलेलं असताना त्यांनी स्वतःच्या नावामागे कैलासवासी वाचलं. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यांचा 'कै.' बरोबर होता. आजोबांचा छापखान्यातून आला होता.

नवरदेवाचे वडील म्हणाले, "सांगा आता, हे कोण बसले हायेत इथं?"

मी हात जोडले. सगळ्या पत्रिका उद्या संध्याकाळपर्यंत नव्या देतो, एक पैसा नको, म्हणालो. ते ऐकायला तयार नव्हते. मग मी जरा सावध होऊन त्यांना आठवण करून दिली की प्रूफ त्यांच्या मोबाईलवर पाठवलं होतं आणि त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवून मंजूर केलं होतं. ते बोलायला नको होतं.

"लग्नाच्या घरात वाचत बसायला कोणाले वेळ आहे?" ते उठून उभे राहिले. "अन तुम्ही काहून बसून राहिले इथं? अंगठा मी दिला, अन वाचायचं बी मीच? मले कार्ड नाही पाहिजे. ज्यानं हे केलं तो माणूस पाहिजे मले. आज तो इथून गेला पाहिजे. नाही तर समाजाच्या एकूण एक घरात हे कार्ड मी स्वतः फिरवतो."

ही पोकळ धमकी नव्हती. या शहरात मराठी पत्रिका करणारे मोजके, आणि मराठी घरं एकमेकांना विचारून चालतात. पत्रिकेत जिवंत माणूस मेलेला दाखवला, हे एका हळदीकुंकवात सगळीकडे झालं असतं. सायकलवरून जमवलेलं नाव पंधरा दिवसांत गेलं असतं.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीतीपेक्षा वेगळंच काही वाटलं. सौद्यात सगळ्यात गोड वेळ कोणती, तर आपल्याला जे टाकायचंच आहे तेच समोरच्याने मागणं. तीन वर्षं माझ्या घशात अडकलेला माणूस हे गृहस्थ स्वतःहून मागत होते. मी त्याला हाक मारली.

त्या दिवशी नेमका तो वेळेवर आलेला होता. येऊन उभा राहिला. मी पत्रिका त्याच्या तोंडापुढे धरली आणि जे बोलत सुटलो ते मला आता सगळं आठवतही नाही. त्याच्या आईवडिलांपर्यंत गेलो नाही एवढंच. अकरा वर्षांचं उशिरा येणं, छट्ठ्या, पेढेवाले, सगळं त्या आवाजात होतं. शेवटी म्हणालो, "चल, निकल. कल से इस दरवाज़े पे दिखना मत."

त्याने मान खाली घातली. योग्य वेळी घातली. एक शब्द बोलला नाही. डबा उचलला, आजोबांच्या पायाला हात लावला आणि मागच्या दाराने गेला. आजोबांनी हात थोडा वर केला, आशीर्वाद द्यावा तसा, मग तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

नवरदेवाचे वडील बसले. पाणी प्यायले. उद्या संध्याकाळी येतो म्हणून गेले. मी दोन्ही हात टेबलावर पसरून बसलो. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. इतकं सोपं होतं तर तीन वर्षं काहून थांबलो, असं मनात आलं.

अर्ध्या तासाने मागचं दार वाजलं. तो आला. हातात माझ्यासाठी कागदी कपात चहा.

"आज एकदम बढ़िया गया भैया," तो म्हणाला. "पैर छूने वाला मैंने अपने मन से जोड़ दिया." कप माझ्यापुढे ठेवला, डबा खिळ्याला अडकवला आणि कॉम्प्युटर सुरू करून बसला.

मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिलो. आता काय म्हणायचं? 'निघ' म्हणायचं होतं, ते म्हणून झालं होतं. 'उद्यापासून येऊ नको' चार वेळा वापरलेलं होतं, आज पाचव्यांदा. माणसाला काढायचे माझ्याकडे जेवढे शब्द होते ते सगळे मी नाटकात खर्च करून बसलो होतो. ओरडलो असतो तर त्याने वळून पाहिलं असतं की दारात कोणता ग्राहक आलाय.

बारा वाजले, एक वाजला. त्याने डबा खाल्ला. लोणच्याची फोड नेहमीसारखी माझ्याकडे सरकवली, ती मी घेतली नाही. मध्ये एकदा मी म्हणालो, तू गेला नाहीस? तो म्हणाला, "हव, चाय पी के आ गया ना." पुन्हा एकदा म्हणालो की सकाळी मी जे बोललो ते खरं बोललो. तो हसला. "हव भैया." जसजसा वेळ जात होता तसतसा माझा राग सकाळच्या रागाहून वेगळा होत होता. स्वतःच्या प्रेसमध्ये मी एका माणसाला काढू शकत नव्हतो.

तीनच्या सुमारास मी स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. अकरा वर्षांत मी त्याच्या शेजारी असा बसलो नव्हतो, नेहमी मागे उभं राहूनच बोललो. आवाज खाली ठेवला. आणि त्याला 'आप' म्हणालो.

"आप कल से मत आइए."

त्याचा हात माउसवरून उचलला गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"ये वाला सच्ची है?"

मी हो म्हणालो.

 मग त्याने विचारलं, कोणत्या गोष्टीवरून. मी म्हणालो, सकाळच्याच. एका जिवंत माणसाला तू मेलेला छापलंस. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याला ते आत्ता कळत होतं. सकाळी माझ्या आरडाओरड्यात चूक काय झाली हे मी सांगितलंच नव्हतं. नाटकात ते कोणी सांगत नाही.

"कै. मतलब स्वर्गीय?" त्याने विचारलं. हिंदी पत्रिकेत 'स्व.' लावतात ते त्याला ठाऊक होतं. आपल्या बौद्ध घरांतल्या पत्रिकेत 'कालकथित' येतं, तेही त्याला ठाऊक होतं. 'कै.' मात्र अकरा वर्षं तो नुसता उतरवत आला होता. "मैं तो समझता था मराठी में बुज़ुर्गों के आगे लगता है. आदरणीय टाइप का."

मराठी प्रूफ बायको तपासते, म्हणून हे कधी उघडं पडलं नव्हतं. त्या आठवड्यात ती बहिणीकडे गोंदियाला गेली होती.

मग तो म्हणाला, "मैंने आपसे पूछा था भैया."

मी विचारलं, काय.

"कि दादी के आगे कै. लिखा है और दादाजी के आगे श्री. आप फोन पे थे, कागज वाले से. आप बोले, दोनों तरफ एक जैसा कर दे, दिमाग मत खा."

मला आठवलं. लगेच आठवलं. कार्डाचा कागद महाग झाला होता आणि मी दलालाला खाली आणत होतो. भाव जवळजवळ तुटत आला होता, आणि तेवढ्यात हा हातात मॅटर घेऊन मध्ये आला. मी बघितलंसुद्धा नाही. दोन बाजूंना सारखं कर, एवढंच म्हणालो. भाव तुटला. त्या दिवशी मी खूष होतो.

इथे मी थांबू शकलो असतो. एक वाक्य बोलायचं होतं, जा कामाला लाग, एवढंच. पण मी माणूस कसा आहे ते मी सांगितलं आहे. सौदा हातातून जातोय असं दिसलं की मी दुसरीकडून धरतो. मी त्याला बाकीची कारणं सांगायला लागलो. उशिरा येणं. छट्ठ्या. पळवून लावलेली दोन माणसं. फाइलींची नावं. एकेक मोजून सांगितलं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

त्याने सगळं ऐकलं. "वो सब सही है," तो म्हणाला. "उस पे निकालते तो मैं चुपचाप चला जाता. उस पे तो आपने कभी निकाला ही नहीं."

 तो कॉम्प्युटरकडे वळला आणि मी झटकन उठून त्याच्या मागे उभा राहिलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मला वाटलं हा सगळं पुसून जाणार. अकरा वर्षांच्या पत्रिका त्या कॉम्प्युटरमध्ये होत्या, दोन बटणांचं काम होतं. त्याचा हात धरायचा का, आणि धरला तर पुढे काय, एवढाच विचार मी करत होतो. मनात तयारीही करत होतो, की हा आता अडून बसेल, काहीतरी मागेल, तर कुठून सुरुवात करायची आणि कुठवर जायचं.

त्याने ती पत्रिका उघडली. फाइलीचं नाव 'अँगूठा वाले अंकल' होतं. आजोबांच्या नावामागचा 'कै.' काढला, 'श्री.' टाकलं. त्या बदलाने ओळ जराशी सरकली आणि शेवटचं आडनाव खाली तुटून पडलं. ते त्याने वर ओढून बसवलं, पुन्हा पाहिलं, आणि फाइल मशीनवाल्याकडे पाठवली. मग म्हणाला, वही घ्या.

आणि तो सांगत गेला. पेड़ा वाले म्हणजे कोण, चिड़चिड़ी दीदी म्हणजे कोण, 'दो बार नाप लिया' म्हणजे कोण. आडनाव, मोहल्ला, कोणत्या मुलीचं लग्न की मुलाचं. मी चार पानं भरेपर्यंत लिहीत होतो. अर्धा वेळ मला संशय होता की हा खोटं सांगतोय. साडेपाचला तो उठला, डबा घेतला, आणि पुढच्या दाराने गेला.

त्या चार पानांतलं एकही नाव चुकीचं निघालं नाही. मी महिनाभर ताडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं पत्रिका घ्यायला आले. नवरदेवाच्या वडिलांनी आधी विचारलं, "काढलं ना त्याले?" मी म्हणालो, काढलं. त्यांना बरं वाटलं. चूक खपवून न घेणारा माणूस अशी माझी तारीफ त्यांनी तिथेच केली, आणि पुढे समाजातही केली असावी, कारण त्या वर्षी ऑर्डरी वाढल्या.

आजोबा खुर्चीवर बसून एक पत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचत होते. स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"त्याले काढून मी काही जास्त जगणार नाही बाबू," ते म्हणाले. "पण एक सांग. चूक कोणाची होती?"

नवरदेवाचे वडील गठ्ठे मोजत होते. आजोबा उत्तराची वाट पाहत होते.

"त्याचीच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पत्रिका परत लिफाफ्यात घातली.

तो आता पंडरीच्या बाजारात एकाकडे हिंदी पत्रिका करतो. दिसला की लांबूनच नमस्ते करतो. त्याच्यावर माझा राग आहे, आणि लोक समजतात तशा कारणासाठी नाही. त्या सकाळी, नवरदेवाच्या वडिलांसमोर, चूक काय एवढं त्याने विचारलं असतं तर उत्तर त्याच्याकडे होतं. आपने बोला था, एवढे तीन शब्द. पण त्याने विचारलंच नाही, कारण त्याला वाटलं आपण दोघं मिळून नाटक करतोय आणि त्यात मालकाला उघडं पाडायचं नसतं. हे नाटक नाही, एवढं माहीत असतं तर तो बोलला असता. बोलला असता तर त्या टेबलाच्या या बाजूला मी असतो, पत्रिका माझ्या तोंडापुढे असती, आणि काय करायचं ते मला ठरवावं लागलं असतं.

त्याने ती वेळ माझ्यावर येऊच दिली नाही. आणि बाहेरही कुठे बोलला नाही. मी चौकशी केली आहे.